महालक्ष्म्यांपुढची मशीन

केवळाबाई लोंढ्यांनी मला दारातच अडवलं आणि चपला बाहेर काढायला लावल्या. मी म्हणालो, मी कोर्टाचा बेलिफ आहे, दंडाच्या वसुलीसाठी जप्तीचं वॉरंट घेऊन आलोय.

"असशील," त्या म्हणाल्या. "आत महालक्ष्म्या उभ्या हायत. कोर्टाच्या चपलांनाबी तोच नेम."

मी चपला काढल्या. माझं पहिलं चुकलं ते तिथंच, कारण अनवाणी माणसाला दरडावता येत नाही. पण हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला दीड वर्ष झालं होतं आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. आधीची दोन वॉरंटं माझ्या हातून बजावणी न होता परत गेली होती. एकदा देणेकरी शेतात पळाला, एकदा मीच पत्ता चुकलो. आम्हा बेलिफांचे वरिष्ठ, नाझर काझीसाहेब, शांत माणूस, पण त्यांनी शांतपणेच सांगितलं होतं की खुणे, तिसरं वॉरंट असं परत आलं तर तुझ्या फायलीवर मी काय लिहायचं ते तूच सांग. माझ्या सरकारी नोकरीच्या जोरावर घरी बहिणीचं लग्न ठरलं होतं. वॉरंट दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात परत करायचं होतं, आणि आता दुपारचे तीन वाजले होते.

दंड होता दोनशे रुपये. त्र्याऐंशी सालचे दोनशे. उन्हाळ्यात नगरपालिकेनं त्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाला कुलूप घातलं होतं. दिवसातून एक तास उघडायचं ठरलं होतं, आणि तो तासही चुकायला लागला. तिसऱ्या दिवशी केवळाबाईंनी घरातला वरवंटा नेऊन कुलूप फोडलं. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, फोडलं, परत लावलं तर परत फोडीन. गल्लीनं वर्गणी काढून दंड भरायची तयारी दाखवली होती, पण बाईंनी ती परतवली. दंड भरला म्हणजे कुलूप बरोबर होतं असं होईल, असं त्यांचं म्हणणं. दोनशे रुपये त्यांच्याकडे नव्हतेच अशातला भाग नाही. शेळी विकल्याचे पैसे होते, असं लोक म्हणत. ते त्यांनी कुठं दडवले ते देव जाणे.

आत गेलो आणि मी जागीच थबकलो. भिंतीशी दोन महालक्ष्म्या उभ्या होत्या. पितळेचे मुखवटे, हिरव्या-जांभळ्या साड्या, गळ्यात पोत. आणि त्यांच्यापुढं आरास म्हणून घरातली झाडून सगळी चीजवस्तू मांडलेली. घागरी, डबे, कंदील, भिंतीवरचं घड्याळ, एक रेडिओ, एक टेबलपंखा, आणि मधोमध शिलाई मशीन. मशीनवर धुतलेली चादर आणि चादरीवर लाडवांचं ताट.

रेडिओ कुणाचा म्हणून विचारलं, तर केवळाबाई म्हणाल्या की आराशीला गल्लीतून वस्तू येतात, कुणाची कुठली ते आता देवीलाच ठाऊक. मी म्हटलं, तुमच्या स्वतःच्या वस्तू तेवढ्या बाजूला काढा.

"आज काढता येत न्हाई. एकदा बसल्या की उठेपर्यंत त्यांच्यापुढचं काडीभर हलवायचं न्हाई. तुझ्या घरी बसत न्हाईत व्हय?"

आमच्याही घरी बसतात. आईनं सकाळीच बजावलं होतं की पुरण व्हायच्या आत घरी ये. केवळाबाईंनी मला बरोबर हेरलं होतं, आणि याचा मला राग आला.

तरी मी कायदा आठवला. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारं यांना बेलिफानं हात लावायचा नाही. घागरी गेल्या, डबे गेले. रेडिओ, पंखा आणि घड्याळ यांच्या मालकीचा घोळ. उरली मशीन. ती केवळाबाईंची असेल तर उचलायची, कारण त्या काही शिवत नव्हत्या. शिवणारीची असेल तर मात्र दोन्ही बाजूंनी हात बांधलेले. एक तर ती तिचं हत्यार, आणि दुसरं म्हणजे दंड तिला झालेलाच नव्हता.

शिवत होती त्यांची सून, मथुरा. ती चुलीपाशी होती. मी आल्यापासून तिनं एकदाही मान वर केली नव्हती.

जप्तीला गल्लीतले दोन पंच लागतात, म्हणून मी बाहेर पडलो. पुढचे दोन तास मी त्या गल्लीत नुसता येरझारा घालत होतो. किराणावाले बाहेती म्हणाले, माझा आज उपास आहे. उपासाला सही चालत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं. निवृत्त गुरुजींना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. तिसऱ्या घराला कुलूप होतं, आणि आत कुकरची शिट्टी झाली. मी सारखं घड्याळ बघत होतो आणि घड्याळापेक्षा जास्त उन्हाकडं. सूर्य मावळल्यावर जप्तीसाठी कुणाच्या घरात शिरता येत नाही, हे त्या गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत असावं असं मला वाटायला लागलं.

फक्त यमुनाबाई नावाच्या शेजारणीनं मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. सही तिनंही केली नाही, पण बोलली भरपूर. मशीन मथुरेनं लग्नात माहेराहून आणली होती. सहा वर्षं ती गल्लीचे झंपर शिवतेय आणि सहा वर्षं शिलाई जातेय केवळाबाईंच्या कमरेच्या पिशवीत. घरात आलं ते घराचं, असं म्हातारीचं म्हणणं. नवरा पुण्याला गॅरेजमध्ये, वर्षातून दोनदा येतो. पोरगी तोंड उघडत नाही हो, यमुनाबाई म्हणाली, मुकी असती तर निदान कळलं तरी असतं.

हे सगळं मी ऐकलं. हे मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी मी ते न ऐकल्यासारखं करणार होतो.

परत आलो तेव्हा ऊन भिंतीच्या टोकाला गेलं होतं आणि आत आरतीची तयारी चालली होती. केवळाबाईंनी मला आरतीला उभं केलं. कापूर खाली ठेवला तेव्हा बाहेर दिवेलागण झालेली. पाठोपाठ त्यांनी पाट मांडला. मी म्हणालो, मला जेवता येणार नाही, मी कामावर आहे. त्या म्हणाल्या, महालक्ष्म्यांच्या घरून उपाशी गेलास तर पाप मला लागतं, दंडाचं एक हाय ते बास. सकाळपासून मी दोन बिस्किटांवर होतो. मथुरेनं पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि मी बसलो. चार पोळ्या खाल्ल्या. कटाची आमटी दोनदा मागून घेतली.

हात धुतले आणि मग लक्षात आलं की आता या घरातलं काहीही माझ्याच्यानं उचलवणार नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं हे आमच्या खात्याच्या नियमात नसलं तरी आईच्या नियमात होतं. मी ओट्यावर बसलो आणि अहवालावर लिहिलं: जप्तीयोग्य चीजवस्तू आढळली नाही. वॉरंट बजावणी न होता परत जाणार नव्हतं, मी घर बघून अहवाल देत होतो. माझीही सुटका आणि त्यांचीही, अशा समाधानात मी घरी गेलो आणि आईच्या हातचंही जेवलो.

सकाळी काझीसाहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, निकालपत्र वाचलं होतंस का.

मी फक्त वॉरंट वाचलं होतं. त्यावर रक्कम असते. त्यांनी निकालाची शेवटची ओळ माझ्यापुढं धरली. दोनशे रुपये दंड, दंड न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद.

"जप्तीला काही मिळालं तर दंड वसूल होतो," काझीसाहेब म्हणाले. "मिळालं नाही असं तू लिहिलंस की न्यायाधीशसाहेब पुढचा कागद पोलिसांना काढतात. म्हातारीला तू जेलमध्ये घातलंस, खुणे. आणि हे खरं लिहिलंयस का?"

 त्यांनी अहवाल माझ्या हातात परत दिला आणि कोर्ट जेवणाला उठेपर्यंतची मुदत दिली.

मी सायकल अशी हाणली की वाटेत दोनदा चेन पडली. काल ज्या बाईची वस्तू उचलावी लागू नये म्हणून मी अहवाल लिहिला होता, आज तिनं एखादी वस्तू उचलू द्यावी म्हणून मी विनवण्या करायला निघालो होतो.  

महालक्ष्म्या अजून उभ्या होत्या, त्या संध्याकाळी उठायच्या होत्या. मी चपला न सांगता काढल्या आणि केवळाबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. जज्जानं ते पंधरा दिवसांचं वाचून दाखवलं होतं, म्हणाल्या, पण म्हाताऱ्या बाईमाणसाला कोण आत टाकतंय, ते आपलं लिहायचं म्हणून लिहितात. मी म्हणालो, लिहायचं म्हणून नाही, आठवड्याच्या आत बाई पोलीस येईल आणि जिल्ह्याच्या जेलमध्ये नेईल.

"जिल्ह्याला? हितल्या कोठडीत न्हाई?"

"इथं बायकांची सोय नाही, मावशी. जिल्ह्यालाच."

त्या खाली बसल्या. गावातल्या कोठडीत यमुनाबाई डबा घेऊन येईल आणि आपण गजाआडून नगरपालिकेला शिव्या देऊ, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. जिल्हा नव्वद किलोमीटरवर होता. त्यांनी आयुष्यात एकच रात्र घराबाहेर काढली होती, ती नवरा दवाखान्यात मेला तेव्हा. त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला आणि तिथूनच परत आला. मी म्हणालो, भरून टाका, पावती मी आणून देतो. त्यांनी मान हलवली. भीती त्यांना खरीच वाटत होती, पण त्यासाठी कुलूप बरोबर ठरवायची तयारी नव्हती.

मग त्यांची नजर आराशीवर फिरली आणि मधोमध थांबली.

"मशीन ने," त्या म्हणाल्या. "माझीच हाय ती. लिहून घे."

चुलीपाशी मथुरेच्या हातातलं उलथनं थांबलं. मला ते दिसलं. आणि मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंद झाला. मशीनचे लिलावात अडीचशे सहज आले असते, म्हातारी सुटली असती, मी कायम झालो असतो, बहिणीचं लग्न झालं असतं. यमुनाबाईचा शब्द न शब्द मला आठवत होता. मी तो गिळला आणि पंच आणायला पळालो.

या वेळी पंच लगेच मिळाले. केवळाबाई जेलमध्ये जाणार हे ऐकल्यावर बाहेतींचा उपास सुटला आणि गुरुजींना चष्मा सापडला. अख्खी गल्ली मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. मशीन मथुरेची आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बोललं नाही. म्हातारीनं सगळ्या गल्लीसाठी कुलूप फोडलं होतं, आणि मथुरेनं त्यांचे फक्त झंपर शिवले होते.

मथुरा तोवर मशीनपाशी आली होती. तिनं मशीन हलवली नाही. लाडवांचं ताट आणि चादर जागच्या जागी ठेवून तिनं फक्त चादरीच्या आत हात घातला, सुईतला दोरा ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि मुठीत धरला. परत चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

पंचनाम्यात रीत अशी की वस्तू दाखवायची, पंचांसमक्ष मालकी विचारायची आणि उत्तर जसंच्या तसं लिहायचं. मी कागद मांडीवर घेतला, मशीनकडं बोट केलं आणि विचारलं, ही वस्तू कुणाची?

केवळाबाईंनी तोंड उघडलं. मघाशी भीतीच्या भरात बोलून गेल्या होत्या, पण आता समोर मशीन होती, मशीनच्या मागं दोन्ही महालक्ष्म्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, हितं गर्दी झालीय, मशीन उचलून बाहेर ओट्यावर घ्या, तिथं सांगते. बाहेती लगेच पुढं झाले आणि त्यांनी मशीनची एक बाजू धरलीसुद्धा.

"आत्या," मथुरा म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि गल्लीतले बरेचजणही तेव्हाच ऐकत असावेत. आवाज अगदी साधा होता.

"महालक्ष्म्या उठेस्तोवर त्यांच्यापुढचं काही हलवायचं न्हाई. तुमीच सांगितलंय. काय सांगायचं ते हितंच सांगा."

बाहेतींनी हात काढून घेतला.

केवळाबाई सुनेकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होईल. मी पेन धरून बसलो होतो. माझ्याकडून एक शब्द जायला हवा होता, मशीन सुनेची आहे हे मला माहीत आहे असा. तो शब्द मी तेव्हाही काढला नाही. मी पुन्हा म्हातारीचं तोंड बघत बसलो.

त्या उठल्या, मुखवट्यांसमोर गेल्या, आणि आमच्याकडं पाठ करूनच बोलल्या.

"तिची हाय. तिच्या बापानं दिलेली. या घरात माझं म्हणावं असं काही न्हाई. लिही."

मी लिहिलं. गुरुजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सही दोन्ही पंचांनी केली, अंगठा केवळाबाईंनी दिला. शाई पुसायला मथुरेनं चिंधी आणून दिली आणि दोघी एकमेकींकडं न बघता बाजूला झाल्या. कालचीच ओळ मी पुन्हा लिहिली: जप्तीयोग्य चीजवस्तू आढळली नाही. काल ती मालकी न विचारता लिहिली म्हणून खोटी होती, आज खरी झाली होती. केवळाबाईंच्या दृष्टीनं दोन्हींत काही फरक नव्हता.

काझीसाहेबांनी पंचनामा दोनदा वाचला आणि म्हणाले, आता बरोबर लिहिलंयस. फायलीवर त्यांनी काही वाईट लिहिलं नाही. पुढं मी कायम झालो.

पाचव्या दिवशी केवळाबाईंना नेलं. त्या एसटीत खिडकीशी बसल्या आणि बाई पोलीस त्यांच्या शेजारी. हे मला यमुनाबाईनं सांगितलं. मी स्वतः त्या सकाळी दुसऱ्या गावचं एक समन्स मागून घेतलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मथुरा कोर्टात आली. मला पाहून दाराशी थांबली. मला वाटलं, सासूला भेटायला कधी सोडतात ते विचारायला आली असेल, म्हणून मी रविवारची वेळ सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तेही हवंय, पण आधी त्या अंगठ्याच्या कागदाची नक्कल मिळेल का. कोर्टाच्या शिक्क्याची.

मी अर्ज लिहून दिला, तिकीट लावलं आणि नक्कल काढून आणली. तिनं मला मशीन कुणाची ती तेवढी ओळ वाचून दाखवायला सांगितलं आणि मी वाचताना ओठ हलवून ती पाठ केली. मग शिक्क्यावरून एकदा बोट फिरवलं.

"दिवाळीला ते येणार हायत," ती म्हणाली. "मशीन विकून रिक्षाला पैसे भरायचे म्हणून पत्र आलंय. आत्याबी हो म्हणाल्या होत्या."

तिनं नक्कल घडी करून झंपरात ठेवली. तिला सगळं आधीच सुचलं होतं, की चुलीपाशी त्या क्षणी सुचलं, हे मी विचारलं नाही. मला तिची थोडी भीतीच वाटली. त्याहून जास्त मला माझीच शरम वाटली, कारण तिनं एका वाक्यात जे केलं ते करायला मला कायद्यानं पगार मिळत होता.

ते पंधरा दिवस मी त्या गल्लीच्या बाजूला फिरकलो नाही. नेल्यापासून सोळाव्या दिवशी दुपारी कोर्टाच्या पायरीवर केवळाबाई बसलेल्या दिसल्या. वाळल्या होत्या, आणि पायांना सूज होती. स्टँडवर उतरून घरी न जाता तडक इकडं आल्या होत्या. त्या मला शिव्या देतील म्हणून मी तयारीत उभा राहिलो.

"त्या दिवशीचा कागद मथुरीनं नेला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नेला, नक्कल दिली मी. मग उगाच सफाई द्यायला लागलो की मागेल त्याला द्यावीच लागते. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"मग तशी एक मलाबी दे. बायकोच्या हातातला त्यो फाडून टाकील. आईच्या हातातला फाडायचा न्हाई."

नकलेला दीड रुपया पडत होता. मी खिशात हात घातला, तर त्या म्हणाल्या, तुझे नकोत. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि चिल्लर माझ्या तळहातावर मोजून ठेवली.